वासाचा निवाडा

अंजूर हे भिवंडी तालुक्यातले खाडीकाठचे गाव. मराठ्यांच्या इतिहासात त्याचे नाव राहिले ते गंगाजी नाईक अंजूरकर यांच्यामुळे. पोर्तुगिजांच्या अमलाखालील साष्टी-वसई प्रांतातील रयतेचे गाऱ्हाणे पेशव्यांच्या कानी घालणाऱ्यांत, आणि १७३७ ते १७३९ या काळात चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेला स्थानिक आधार मिळवून देणाऱ्यांत या नाईक घराण्याचा मान पहिल्या रांगेतला. साष्टीच्या बखरीत त्यांची हकिगत आहे. मोहिमेच्या इतिहासात ठाणी आहेत, कोट आहेत, होड्या आणि सुरुंग आहेत. ज्या खाड्या ओलांडून ही माणसे गेली त्या खाड्यांचा ओहोटीच्या वेळचा वास मात्र माझ्या वाचनात कुठल्या कागदात आलेला नाही. इतिहास लिहिणारे डोळ्यांवर आणि कानांवर विसंबतात. नाकाची साक्ष ते सहसा काढत नाहीत.

मला तो वास ठाऊक आहे, कारण माझे माहेर अंजूरचे. तिवरांखालचा काळा चिखल, खाडीतून आलेला ताजा जवळा, पावसाळ्याआधी आगोटीची बेगमी म्हणून अंगणात उन्हाला घातलेली सुकट, उत्तन-अर्नाळ्याकडून येणारे सुके बोंबील, या साऱ्यांचे वास निरनिराळे असतात आणि आमच्या घरातल्या बायका ते डोळे मिटून ओळखत. आता अंजूरफाटा म्हटले की लोकांना गोदामांच्या रांगा आणि मालमोटारींची कोंडी आठवते. पण फाट्यावरून आत खाडीकडे वळले की जुना वास अजून भेटतो.

पुढे आयुष्यभर मी जीवशास्त्र शिकवले, आणि वास हा विषय माझ्याकडे दुसऱ्या वाटेने आला. नाकाची साक्ष लिहून ठेवलेली असते तरी कुठे? माझ्या मते तीन ठिकाणी. एक, आपल्या भाषेत आणि शास्त्रांत. दुसरे, राज्यकर्त्यांच्या आणि प्रवाशांच्या कागदांत. तिसरे, आपल्या प्रत्येक पेशीत. तिसरी नोंद सर्वांत जुनी, आणि वाचली गेली सर्वांत उशिरा. मासळीच्या वासापुरते बोलायचे तर ती आपल्या सहाव्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर आहे. तिचे नाव टीएएआर-५. संशोधक बोलताना त्याला ‘टार-५’ म्हणतात. जेमतेम हजार अक्षरांचे हे जनुक. त्याची हकिगत सांगणे हा या लेखाचा हेतू आहे. पण ती सांगायची तर जनुक सापडण्याआधी माणसांनी वासाबद्दल जे निवाडे दिले तेही सांगावे लागतात. कारण जनुकाने त्यांतला एक निवाडा फेरतपासणीला काढला आहे.

दोनच प्रकार

न्याय-वैशेषिकांनी पदार्थांच्या गुणांची मोजदाद फार बारकाईने केली. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टांचा ‘तर्कसंग्रह’ हा त्या शास्त्राचा प्रवेशग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या पाठ केला गेला. त्यात रूपाचे, म्हणजे रंगाचे, सात प्रकार आहेत. रसाचे, म्हणजे चवीचे, सहा. स्पर्शाचे तीन. गंधाचे मात्र दोनच: सुरभी आणि असुरभी. गंध हा पृथ्वीचा विशेष गुण आणि घ्राणेंद्रिय तो ग्रहण करणारे, इतकी व्यवस्था लावल्यानंतर प्रकार सांगायची वेळ आली तेव्हा शास्त्रकारांनी चांगला आणि वाईट एवढ्यावर भागवले. तांबडा, हिरवा, आंबट, तुरट ही वर्णने आहेत. सुरभी आणि असुरभी हे निवाडे आहेत. इतर इंद्रियांना शास्त्राने साक्षीदार मानले, आणि नाकाला मात्र न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवले.

हा निवाडा माणसांनाही लागू झाला. महाभारतातली सत्यवती धीवरांच्या घरी वाढलेली, नाव चालवणारी मुलगी. तिच्या अंगाला मासळीचा वास, म्हणून ती मत्स्यगंधा. पराशर ऋषींच्या वराने तो वास गेला, त्या जागी योजनभर दरवळणारा सुगंध आला आणि ती योजनगंधा झाली. मग शंतनू राजा तिच्याकडे ओढला गेला. वसंत कानेटकरांनी १९६४ मध्ये याच कथेवर ‘मत्स्यगंधा’ हे नाटक रंगभूमीवर आणले, आणि त्यातील जितेंद्र अभिषेकींच्या संगीतामुळे ते नाव घराघरांत गेले. कथेचा गाभा पाहिला तर कुरुकुलाच्या राजवाड्याचे दार धीवरकन्येला उघडण्याआधी तिचा वास बदलावा लागला, इतका तो साधा आहे.

लोकांची भाषा मात्र शास्त्रकारांइतकी हात आखडून वागली नाही. खमंग, खवट, कुबट, आंबूस, करपट, कोंदट, ओशट, मातकट, उग्र, दर्प, दरवळ, घमघमाट असे शब्द मराठीत किती तरी आहेत. कच्च्या मासळीच्या किंवा मांसाच्या वासाला ‘हिंवस’ हा नेमका शब्द आहे. यांतले बरेच शब्द कशाचा वास, कुठल्या अवस्थेतला, हे सांगतात. करपट म्हटले की चुलीवरचे पातेले दिसते, खवट म्हटले की जुने खोबरे. स्वयंपाकघरात आणि बाजारात वासाचे वर्णन लागते, नुसता निवाडा पुरत नाही, म्हणून हे शब्द तिथे घडले.

हवेवरचा आरोप

मुंबई बेटावर माडांना मासळीचे खत घालण्याची जुनी रीत होती. कोकणात ती आजही कुठे कुठे आहे. १६७३ मध्ये मुंबईत आलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज डॉक्टरने लिहून ठेवले आहे की, जमिनीवरून सुटलेल्या वाऱ्याबरोबर या खताचा विषारी वास जहाजापर्यंत येत होता. अलेक्झांडर हॅमिल्टनचे प्रवासवर्णन १७२७ मध्ये प्रसिद्ध झाले. मुंबईची हवा रोगट असल्याचे मुख्य खापर त्यानेही माडांच्या मुळाशी घातल्या जाणाऱ्या लहान मासळीवर फोडले आहे. त्या काळी मुंबईत येणारे इंग्रज तापाने भराभर मरत. ताप कुठून येतो हे कळत नव्हते. वास मात्र कळत होता, आणि तो कुणाच्या वाडीतून येतो हेही कळत होते. म्हणून आरोपी सापडला.

कुजक्या वासाची हवा म्हणजेच रोग, ही समजूत युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत प्रतिष्ठित शास्त्र म्हणून टिकली. मलेरिया या शब्दाचा मूळ अर्थच वाईट हवा असा आहे. १८९७ मध्ये रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेत डासाच्या जठरात हिवतापाचे परजीवी पाहिले आणि हवा त्या आरोपातून सुटली. त्याच्या आदल्या वर्षी, १८९६ मध्ये, मुंबईत प्लेग आला होता. तेव्हाही अधिकाऱ्यांचा रोख आधी घाणेरड्या वासाच्या वस्त्यांवर गेला. १८९८ मध्ये शहर सुधारणा न्यास स्थापन झाला आणि दाट वस्त्या पाडून हवेला वाट करून देण्याचे काम सुरू झाले. त्याच साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने उंदरावरच्या पिसवांतून प्लेग पसरतो हे दाखवले. रस्ते रुंद झाले ते चांगलेच झाले. पण वासावरून माणसांना दोषी धरण्याची सवय पिसवा सापडल्यावरही गेली नाही. शास्त्राने पुरावा काढून घेतला, आणि निवाडा तसाच राहिला.

कुलाब्यातील फळमाश्या

नाकालाच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करून त्याची उलटतपासणी करण्याचे काम विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाले, आणि त्याचा एक महत्त्वाचा भाग मुंबईत घडला, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.

कुलाब्याच्या दक्षिण टोकाला, नेव्ही नगरात, टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तिकडे जाताना वाटेत १८७५ साली बांधलेली ससून गोदी लागते, आणि मासळीचा वास. १९६२ मध्ये ओबेद सिद्दिकी या संस्थेत आले. उत्तर प्रदेशातील बस्ती जिल्ह्यात जन्मलेले, ग्लासगोला ग्वीडो पाँटेकोर्व्हो यांच्याकडे जनुकशास्त्र शिकलेले हे तरुण संशोधक. लिओ झिलार्ड या भौतिकशास्त्रज्ञाने त्यांचे नाव होमी भाभांना सुचवले होते. भौतिकशास्त्र आणि गणिताच्या त्या संस्थेत सिद्दिकींनी रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभारला. सत्तरच्या दशकात, कॅलिफोर्नियात सीमूर बेंझर यांच्याबरोबर काम करून आल्यावर, ते फळमाशीच्या चेतासंस्थेकडे वळले. पिकलेल्या केळ्यावर घोंघावणारी ती इवलीशी माशी, ड्रोसोफिला.

त्यांच्याकडे संशोधनासाठी आलेल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांचा जन्म केनियात, मूळच्या गोव्याच्या कुटुंबात झालेला. कंपाला आणि डब्लिन येथे शिकून त्या मुंबईत आल्या. प्रश्न असा होता: माशीला वास कळतो तो कोणत्या जनुकांमुळे? प्रयोग दिसायला साधा होता. इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची काचेची नळी. एका फाट्यातून वासाची हवा, दुसऱ्यातून नुसती. माश्या कुठे वळतात ते मोजायचे. ज्या माश्यांना फरकच कळत नाही त्या बाजूला काढायच्या, त्यांचा वंश वाढवायचा आणि दोष कोणत्या जनुकात आहे ते शोधायचे. काही माश्यांना बदामासारख्या वासाचे बेन्झाल्डिहाइड कळत नव्हते, पण फळांच्या वासातली ॲसिटेट एस्टरे कळत होती. काहींचे उलट होते. सिद्दिकी आणि रॉड्रिग्ज यांचा हा निबंध १९७८ मध्ये भारतीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याचा अर्थ दूरवर पोचणारा होता. वास घेणे ही एकच शक्ती नाही. निरनिराळ्या वासांसाठी निरनिराळी जनुके आहेत, आणि एक बिघडले तरी बाकीची चालू राहतात.

रॉड्रिग्ज यांनी १९८८ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. किरणोत्सारी साखरेच्या साहाय्याने त्यांनी पाहिले की, निरनिराळ्या वासांनी माशीच्या मेंदूतल्या निरनिराळ्या जागा जाग्या होतात. म्हणजे मेंदूत वासाचा एक नकाशा असतो. फळमाशीचे प्रत्यक्ष गंधग्राहक १९९९ मध्ये अमेरिकेतल्या प्रयोगशाळांत सापडले आणि ते आपल्या ग्राहकांहून अगदी वेगळ्या घडणीचे निघाले. पण प्रश्न जनुकांच्या भाषेत मांडायचा कसा, हे दाखवणाऱ्यांत कुलाब्याचा मान फार वरचा आहे. सिद्दिकींना २००६ मध्ये पद्मविभूषण मिळाले. रॉड्रिग्ज २०१० मध्ये गेल्या, सिद्दिकी २०१३ मध्ये.

नाव चुकलेले जनुक

माणसाच्या आणि इतर सस्तन प्राण्यांच्या नाकाचे कोडे १९९१ मध्ये सुटले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सल यांनी उंदराच्या नाकात गंधग्राहक प्रथिनांच्या जनुकांचे एक प्रचंड कुटुंब शोधले. २००४ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाची एकूण जनुके सुमारे वीस हजार. त्यांत या कुटुंबातली चालू स्थितीतली सुमारे चारशे. आपल्या शरीरातले हे सर्वांत मोठे जनुककुटुंब आहे. गंमत अशी की, याच कुटुंबातली चारशेहून अधिक जनुके आपल्यात मोडून पडलेली आहेत. अक्षरे आहेत, पण मध्येच ओळ तुटलेली, अर्थ लागत नाही असा मजकूर. कसर लागलेल्या दप्तरासारखा हा साठा आपण पिढ्यान्‌पिढ्या जपून पुढे देतो. उंदराच्या नाकात अशी चालू जनुके हजाराहून अधिक आहेत.

नाकपुडीच्या अगदी वरच्या भागात, भुवयांच्या मधोमध आतल्या बाजूला, टपाल तिकिटाएवढी जागा वासाची. तिथल्या चेतापेशींच्या टोकांना सूक्ष्म तंतू असतात आणि त्यांच्या पापुद्र्यात ही ग्राहक प्रथिने सात वेळा आतबाहेर ओवलेली असतात. हवेतला रेणू त्यातल्या खोबणीत नीट बसला की पेशीत संदेश उमटतो आणि मेंदूकडे जातो. साधारणपणे एका पेशीत एकाच प्रकारचा ग्राहक असतो. मानवी गंधग्राहकाची अशी खोबण रेणूसकट प्रत्यक्ष दिसली ती अगदी अलीकडे, २०२३ मध्ये.

आपले टार-५ या मोठ्या कुटुंबातले नाही. ते एका लहान, वेगळ्या घराण्यातले. त्याची ओळख पटण्याची कथा गमतीची आहे. १९९८ मध्ये ते पहिल्यांदा सापडले तेव्हा शोधणाऱ्यांना ते मेंदूत आणि स्नायूंत चालणारे असावे असे वाटले, आणि ‘संभाव्य चेताप्रेषक ग्राहक’ अशा अर्थाचे नाव त्याला मिळाले. नाकाचा उल्लेखही नव्हता. २००१ मध्ये त्याचे भाऊबंद उजेडात आले. २००६ मध्ये स्टीफन लिबर्लिस आणि लिंडा बक यांनी दाखवले की, उंदराच्या नाकात या घराण्याचा स्वतंत्र कारभार चालतो आणि त्यांतला टार-५ हा ट्रायमिथाइल अमाइन या रेणूला प्रतिसाद देतो. माणसाचा टार-५ ही तेच करतो हे जर्मनीतल्या बोखुम येथील संशोधकांनी २०१३ मध्ये सिद्ध केले.

ट्रायमिथाइल अमाइन म्हणजेच शिळ्या मासळीचा वास. समुद्रातल्या माशांच्या अंगात या रेणूचा एक बिनवासाचा ऑक्साइड असतो. खाऱ्या पाण्याच्या आणि खोलीवरच्या दाबाच्या ताणातून तो त्यांच्या प्रथिनांना सांभाळतो. मासा मेला की जिवाणू त्या ऑक्साइडचा ऑक्सिजन काढून घेतात आणि उरते ते ट्रायमिथाइल अमाइन. गोड्या पाण्यातल्या माशांत हा ऑक्साइड नगण्य, म्हणून तळ्यातल्या माशाला निराळा वास येतो आणि समुद्रातल्या माशाला निराळा.

हे घराणे किती जुने आहे पाहा. झेब्राफिश या लहानशा माशात त्याची शंभराहून अधिक जनुके आहेत, उंदरात पंधरा, आणि आपल्यात फक्त सहा. त्या सहांतलेही पाचच नाकासाठीचे मानले जातात. म्हणजे मासळीचा वास ओळखणारे आपले हे जनुक ज्या घराण्यातले, त्याचा विस्तार खुद्द माशांतच अधिक आहे.

आइसलंडची साक्ष

२०२० मध्ये आइसलंडच्या संशोधकांनी एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. नऊ हजारांहून अधिक लोकांना सहा वास हुंगायला दिले: मासळी, दालचिनी, ज्येष्ठमध, लिंबू, पेपरमिंट आणि केळे. वास कशाचा, किती तीव्र, किती आवडला, हे विचारले आणि उत्तरे त्यांच्या जनुकांशी ताडून पाहिली. आणखी दोन हजारांवर लोकांत निष्कर्ष तपासला. मासळीच्या बाबतीत बोट टार-५ वर पडले. ३३७ अमिनो आम्लांच्या या प्रथिनात ९५व्या जागी सेरीन असते. काही लोकांत तिथे प्रोलीन आलेले होते. एका अक्षराचा फरक. त्या लोकांना मासळीचा वास फिका वाटत होता, त्याचा तिटकारा कमी होता, आणि कशाचा वास म्हणून विचारले तर कुणी बटाटा म्हणे, कुणी कॅरामेल, तर कुणी चक्क गुलाब.

ही बातमी जगभर पसरली. वाचणाऱ्याला पटकन सुचणारा निष्कर्ष असा की, मासे खाणाऱ्यांची जनुकेच वेगळी असतात. त्यांना वास येतच नाही, म्हणून ते त्या वासात राहू शकतात. माझ्या ओळखीतल्या दोघा-तिघांनी मला हे मोठ्या कौतुकाने ऐकवलेही. पण आकडे उलटी साक्ष देतात. हा बदल आइसलंडमध्येसुद्धा अगदी थोड्या लोकांत आहे. दक्षिण युरोपात आणि आफ्रिकेत तो त्याहून दुर्मिळ. आइसलंड हा शतकानुशतके मासळीवर जगलेला देश. शार्क मुरवून केलेला त्यांचा एक पारंपरिक पदार्थ उग्र वासासाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या बहुसंख्य माणसांचे टार-५ शाबूत आहे, म्हणजे त्यांना मासळीचा वास पुरेपूर येतो. तो येऊनही ते मासे पकडतात, सुकवतात, चवीने खातात.

दुसरी साक्ष उंदरांची. घरात फिरणारा लहान उंदीर आणि गटारातली मोठी घूस यांच्याहून फार वेगळे नसलेले प्रयोगशाळेतले दोन प्राणी, इंग्रजीत माउस आणि रॅट. दोघांतही टार-५ आहे, दोघांचाही रेणू तोच. २०१३ मध्ये लिबर्लिस यांच्या प्रयोगशाळेने दाखवले की, माउस ट्रायमिथाइल अमाइनच्या वासाकडे ओढला जातो, कारण त्याच्या जातीतल्या नराच्या मूत्रात तो भरपूर असतो. आणि रॅट त्याच वासापासून दूर पळतो. जनुक एक, रेणू एक, निवाडे दोन. जनुक नोंद करते: अमुक रेणू आला. तो सुरभी की असुरभी, हे ते सांगत नाही. ते पुढे ठरते. प्राण्यांत जातीच्या इतिहासावरून, माणसांत बरेचसे घरावरून, सवयीवरून आणि कुणी काय शिकवले त्यावरून.

कोणत्याही दोन माणसांचे मोठ्या कुटुंबातले गंधग्राहक सरासरी तीस टक्के वेगळे चालतात, असेही २०१४ च्या एका अभ्यासात आढळले. कोथिंबिरीचा वास कुणाला साबणासारखा का येतो याचा एक धागा २०१२ मध्ये अशाच एका ग्राहक जनुकापाशी सापडला. तेव्हा “मला असा वास येतो” हे विधान खरे असते. “त्याला घाण वास येतो” हे विधान त्याहून पुढचे आहे, आणि त्यात बोलणाऱ्याचा वाटाही मोठा असतो.

नाकाचे कसब

ठाण्यात भाड्याने घर शोधत होते तेव्हा एका मालकाने पगार विचारला नाही, घरात माणसे किती ते विचारले नाही. “तुम्ही मासे शिजवता का?” एवढेच विचारले. हो म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी घर दुसऱ्याला दिल्याचा निरोप आला. मुंबई-ठाण्यात हा अनुभव इतक्या लोकांना आलेला आहे की सांगण्यात नवल नाही. कारण नेहमी एकच दिले जाते: वास. खाणे नको असे म्हणणे कठीण जाते, जात नको असे म्हणणे त्याहून कठीण. वास सहन होत नाही असे म्हणणे सोपे असते, कारण नाकाशी वाद घालता येत नाही असे आपण समजतो. फ्रायरच्या जहाजावरही हेच घडत होते.

वाद घालता येतो. मासळीचा वास कळणे ही कुणा एका समाजाची मिरास नाही आणि कुणा एकाचे न्यूनही नाही. जवळजवळ सर्वांनाच तो कळतो. फरक आहे तो त्या कळण्याचे पुढे काय केले जाते यात. पाटीपुढे बसलेली कोळीण हलव्याचा कल्ला उचलून एकदा नाक जवळ नेते आणि तो आजचा की कालचा हे सांगते. ती जे करते तेच मत्स्यप्रक्रियेच्या प्रयोगशाळा करतात. समुद्री मासळीचा ताजेपणा ठरवण्यासाठी तिच्यातले ट्रायमिथाइल अमाइन मोजण्याची पद्धत जुनी आणि मान्य आहे. ज्याला बाहेरचा माणूस सरसकट घाण म्हणतो, त्यात तिला तास आणि दिवस वाचता येतात. टार-५ तिचे हत्यार आहे, आणि वर्षानुवर्षांच्या वापराने ते धारदार झालेले आहे.

आमच्या स्वयंपाकघरांनीही हा रेणू ओळखून त्याच्यावर उपाय शोधला होता. ट्रायमिथाइल अमाइन अल्कधर्मी आहे. आंबट पदार्थातल्या आम्लाशी त्याची गाठ पडली की त्याचा क्षार बनतो आणि क्षार हवेत उडत नाही, म्हणून नाकापर्यंत पोचत नाही. मासळीला आमसूल, कोकमाचे आगळ, चिंच किंवा लिंबू लावून ठेवण्यामागचे रसायन हे आहे. आजीला क्षार आणि अल्क हे शब्द माहीत नव्हते. हिंवस गेला की नाही हे माहीत होते, आणि तिची परीक्षा नाकानेच होत असे. सत्यवतीला जे ऋषीच्या वराने मिळाले ते आमच्या घरी मूठभर आमसुलांनी होत होते. फरक एवढाच की आम्हाला वास घालवून कुणाच्या राजवाड्यात जायचे नव्हते. कालवण चांगले व्हावे, एवढाच हेतू.

मलेशिया आणि थायलंडच्या जंगलात राहणाऱ्या जहाय लोकांच्या भाषेत वासासाठी रंगांइतकेच नेमके स्वतंत्र शब्द आहेत आणि ते लोक वासांची नावे रंगांच्या नावांइतक्याच सहजतेने सांगतात, असे २०१४ मध्ये भाषाशास्त्रज्ञांनी दाखवून दिले. माणसाचे नाक दुबळे नाही. ज्या समाजाला त्याचे काम असते त्याच्या भाषेत त्याला शब्द मिळतात. अंजूर, आलिमघर, काल्हेर, कशेळी या खाडीपट्ट्यातल्या म्हाताऱ्या बायकांकडे मासळीच्या, चिखलाच्या, भाताच्या, मिठाच्या वासांचे असे शब्द अजून आहेत. खाडी आटते आहे, शेतांवर गोदामे उभी राहिली आहेत आणि मासळी बर्फातून बाहेरून येते आहे. या पट्ट्याची बखर एकदा लिहिली गेली, ती लढाईची. वासाच्या शब्दांची यादी करायला एक वही, एक उन्हाळा आणि ऐकण्याची तयारी पुरेल. टार-५ ची हजार अक्षरे पुढच्या पिढीत आपोआप जातील. हे शब्द तसे जाणार नाहीत.